पुण्यतिथी उत्साहात साजरी

ऑगस्ट उजाडला की दोन-तीन तारखेच्या आत जिल्ह्याच्या पानावर एक बातमी हमखास येते. सुरुवातीला 'लोहारा (प्रतिनिधी)' आणि वर ठळक मथळा : 'लोकमान्य टिळक पुण्यतिथी व लोकशाहीर अण्णा भाऊ साठे जयंती उत्साहात साजरी.' माणूस गेल्याचा दिवस उत्साहात कसा काय साजरा झाला, असं एखाद्या पाहुण्याला वाटेल. आम्हाला वाटत नाही. वार्ताहराची अडचण आम्ही जाणतो. एकाच तारखेला एकाचं जाणं आणि एकाचं येणं, आणि मथळ्यात दोघांना मिळून जागा काय ती एवढीच. तो बिचारा जयंतीकडे बघून लिहितो आणि पुण्यतिथी त्याच तिकिटावर प्रवास करते.

हा योग कॅलेंडरनं जुळवून आणलेला आहे. १ ऑगस्ट १९२०. मध्यरात्र उलटल्यावर मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्यांनी डोळे मिटले. त्याच तारखेला आजच्या सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावी तुकाराम भाऊराव साठे नावाचं मूल जन्माला आलं. दोघंही पुढं लेखक म्हणून मराठी माणसाच्या घरात गेले, पण वेगवेगळ्या दारांनी. एकानं 'केसरी' चालवला आणि मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीनं 'गीतारहस्य' लिहून काढलं. दुसऱ्यानं लाल बावटा कलापथकात गिरणगाव जागवला, संयुक्त महाराष्ट्रासाठी शाहिरी केली आणि 'फकिरा' लिहिली. लोहाऱ्यात हे दोघे दरवर्षी एका टेबलावर भेटतात.

भेटीची तयारी सकाळी होते. शाळेचे मामा ऑफिसातल्या कपाटावर रचून ठेवलेल्या तसबिरी उतरवायला स्टुलावर चढतात.

"सर, आज कुणाला उतरवायचं?"

"दोघांना. टिळक आणि अण्णा भाऊ."

"जयंती हाय का पुण्यतिथी?"

"टिळकांची पुण्यतिथी, अण्णा भाऊंची जयंती."

"मंग हार सारखेच आणू का येगळे?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही परिपत्रकात नाही. हार सारखेच येतात, झेंडूचे. खरा पेच त्यानंतर टेबलावर असतो. उजवीकडे कोण आणि डावीकडे कोण? कुणी तोंडानं काही बोलत नाही, पण तसबिरी दोनदा इकडच्या तिकडे होतात. शेवटी दोन्ही इतक्या जवळ ठेवल्या जातात की मधे बोट जाऊ नये. एकाच उदबत्तीचा धूर दोघांना पुरतो. नारळ एकच फुटतो. तो फोडायचा मान पाहुण्यांचा, आणि पाहुण्यांच्या तीन घावांत तो फुटला नाही तर पुढं होऊन फोडायचं काम मामांचं.

मग भाषणं. टिळकांवरचं भाषण शेंगांवाचून पुढं सरकत नाही. आमच्या शिवारात आता जिकडं बघावं तिकडं सोयाबीन. भुईमुगाचा पट्टा शोधावा लागतो. त्यामुळं शेंगांची टरफलं हा प्रकार काही पोरांना टिळकांच्या कृपेनंच ठाऊक आहे. अण्णा भाऊंवरचं भाषण दीड दिवसाच्या शाळेपासून सुरू होतं. वर्षभर हजेरीवरून पोरांना धारेवर धरणारे सर त्या दिवशी दीडच दिवस शाळेत गेलेल्या माणसाची थोरवी गातात, आणि मागच्या रांगेतलं एखादं पोरगं त्यातून आपल्या सोयीचा अर्थ काढून मोकळं होतं. त्याला पुढचं सांगायला हवं. शाळा सुटली तरी अण्णा भाऊंनी अक्षरांचा पिच्छा सोडला नाही. वाटेगावाहून चालत मुंबई गाठली, आणि तिथं दुकानांच्या पाट्या नि सिनेमाची पोस्टरं वाचत ते वाचायला शिकले, असं सांगतात. दीड दिवसाची सूट घ्यायची असेल तर पुढची पायपीटही करावी लागते. पण तेवढ्यात पाचवीतली मुलगी "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते" म्हणते, आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. दोन शब्दांना इतक्या टाळ्या मिळतात त्या ते संपतात म्हणून, हे तिला अजून कळलेलं नसतं. अध्यक्ष होईपर्यंत कळणारही नाही.

दोन दिवसांनी बातमी येते. तिच्या वीस ओळींत लेखकांची नावं पहिल्या दोन ओळींत उरकलेली असतात. उरलेल्या अठरा ओळी 'यावेळी उपस्थित होते' या खात्यावर. प्रतिमापूजन कुणी केलं, प्रास्ताविक कुणाचं, सूत्रसंचालन कुणाचं, आभार कुणी मानले आणि 'आदी' मध्ये कोण कोण गेले. या आदीत गेलेल्यांचा राग पुढच्या कार्यक्रमापर्यंत टिकतो. लेखकाच्या निमित्तानं छापलेल्या बातमीत लेखकच थोडका, याची टिंगल करणं सोपं आहे. मला ती करवत नाही. गावात कितीतरी माणसांचं नाव आयुष्यात छापून येतं ते अशाच कुणाच्या तरी पुण्यतिथीला. कात्रण कापून देवघराच्या फळीवर जपणारी आई त्या घरात असते. ज्या माणसांचं सगळं आयुष्य छापील अक्षरात गेलं, त्यांनी दुसऱ्याच्या नावाला चार ओळी जागा करून दिली तर त्यांचं काय बिघडलं?

आणि टेबलावरच्या त्या दोन तसबिरींचं तर मला मनापासून कौतुक आहे. एरवी या दोघांना मानणारी माणसं गावात वेगळ्या गल्ल्यांत राहतात आणि वेगळ्या चौकांत बसतात. त्यांना एका मांडवाखाली आणायचं कुणी ठरवलं असतं तर समिती नेमावी लागली असती, आणि समितीत पहिला वाद अध्यक्ष कोण यावर झाला असता. तारखेनं हे काम कुणाला न विचारता करून टाकलं. निदान दुपारी बारापर्यंत तरी.

बारानंतर टिळक कपाटावर परत जातात आणि अण्णा भाऊंचा दिवस तिथून सुरू होतो. संध्याकाळी मिरवणूक निघते. पुढं हलगी, मागं डीजे, ट्रॅक्टरवर मोठी प्रतिमा, पोरांच्या अंगात वारं. ज्या माणसानं उभं आयुष्य रस्त्यावरच्या, वस्तीतल्या माणसांना गोष्टीत नायक केलं, त्याचा वाढदिवस रस्त्यावर व्हावा यात वावगं काही नाही. शाहिराला शांतता कधीच लागत नव्हती.

या गलक्यात चौदा दिवसांपूर्वीचा एक दिवस कुणाच्या फारसा लक्षात राहत नाही. अण्णा भाऊंची पुण्यतिथी १८ जुलैला असते. १९६९ साली त्या दिवशी गोरेगावात ते गेले. एकोणपन्नास पुरी व्हायला चौदा दिवस उरले होते. बरोबर पाच आठवडे आधी, १३ जूनला, आचार्य अत्रे गेले होते. संयुक्त महाराष्ट्राचे दोन मोठे आवाज एकाच पावसाळ्यात थांबले. दोनच दिवसांपूर्वी अपोलो ११ चंद्राकडे निघालं होतं आणि सगळं जग वर बघत होतं. घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत बसून जमिनीवरच्या माणसांबद्दल लिहिणाऱ्याकडे त्या आठवड्यात किती जणांनी पाहिलं असेल?

१८ जुलैला लोहाऱ्यातला कार्यक्रमही आटोपशीर असतो. प्रतिमा, हार, पाच मिनिटं, चहा. शिवारात कोळपणी-खुरपणी चालू असते आणि वर्गणीचा हिशेब १ ऑगस्टसाठी राखून ठेवलेला असतो. तक्रार कुणाचीच नसते. जयंतीला नाचता येतं. पुण्यतिथीला नाचता येत नाही, मग करायचं काय, हाच मोठा प्रश्न असतो.

तरी अण्णा भाऊंची तारीख शाळा चालू असताना येते हे नशीब म्हणायचं. मरणाची तारीख कुणाच्या हातात नसते, पण शाळेच्या वेळापत्रकात काही तारखा फार गैरसोयीच्या पडल्या आहेत. साने गुरुजी ११ जूनला गेले, पु. ल. देशपांडे १२ जूनला, अत्रे १३ जूनला. सालं वेगळी, १९५०, २००० आणि १९६९, पण तारखा ओळीनं तीन. उभ्या महाराष्ट्राला रडवणारा एक आणि हसवणारे दोघं पाठोपाठ येतात, आणि नेमक्या त्याच तीन दिवसांत शाळांना कुलूप असतं. मृग लागलेला, पाऊस पडलेला असेल तर गाव तिफणीमागं, पडलेला नसेल तर गाव आभाळाकडं. अशा वेळी पुलंच्या प्रतिमेला हार घालायला कोण येणार? स्वतः पुलंनी तरी ते बियाणाच्या रांगेतून माणूस उठवून करायला लावलं नसतं.

त्याहून दूरचा एक लेखक आमच्या शेजारी नळदुर्गात राहून गेला. फिलिप मेडोज टेलर. १८५३ नंतर काही वर्षं त्यानं नळदुर्गात राहून या भागाचा कारभार पाहिला आणि पुढं 'तारा' नावाची कादंबरी लिहिली, तिची नायिका तुळजापूरची. १३ मे १८७६ ला तो फ्रान्समध्ये मेला. त्याच्या पुण्यतिथीला इथं नारळ फुटत नाही, आणि १३ मेच्या उन्हात फोडायला कुणी जाणारही नाही. याउलट अगदी अलीकडचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० च्या जानेवारीत त्र्याण्णवावं साहित्य संमेलन आमच्या जिल्ह्याच्या गावी भरलं, त्याचे ते अध्यक्ष. २५ जुलै २०२४ ला ते गेले. म्हणजे अण्णा भाऊ आणि टिळक यांच्या पुण्यतिथ्यांच्या मधोमध आणखी एक तारीख येऊन बसली आहे. कपाटावर आणखी एका तसबिरीला जागा करायला हवी.

पण जागा खरी करायला हवी ती कपाटाच्या वर की आत, हा विचार मला हल्ली सतावतो.

राजा, सेनापती, संत, पुढारी यांची जयंती मोठी करावी, हे ठीक. त्यांच्या जन्मानं काही घडलं असं म्हणता येतं. लेखकाचं तसं नाही. जन्मदिवशी जगातल्या कुठल्याही लेखकानं एक ओळही लिहिलेली नसते. १ ऑगस्ट १९२० ला वाटेगावच्या त्या बाळाच्या नावावर काहीच नव्हतं. १८ जुलै १९६९ ला मात्र 'फकिरा' होती, 'वैजयंता' होती, 'वारणेचा वाघ' होता, कथा, पोवाडे, लावण्या, छक्कड, वगनाट्यं आणि रशियाचं प्रवासवर्णन होतं. सगळं लिहून झालं होतं. टिळकांच्या बाबतीतही तेच. २३ जुलैला, त्यांच्या जयंतीला, आपण रत्नागिरीत जन्मलेल्या एका बाळाला हार घालतो. १ ऑगस्टला 'गीतारहस्य' लिहून मोकळ्या झालेल्या माणसाला. लेखकाचा खरा दिवस कोणता? माझं मत विचाराल तर पुण्यतिथीच. त्या दिवशी त्याचं काम संपतं आणि वाचणाऱ्याचं सुरू होतं.

पुण्यतिथीतून काम सुरू होतं म्हणजे काय, याचा दाखला शोधायला आम्हाला तालुक्याबाहेर जावं लागत नाही. टिळक गेल्याची बातमी ऐकून एका विद्यार्थ्यानं आजन्म देशसेवेची प्रतिज्ञा केली. नाव व्यंकटेश खेडगीकर. टिळक गेल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९२१ मध्ये, लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा उभी राहिली. राष्ट्रीय शिक्षण हे टिळकांच्या चतुःसूत्रीतलं एक सूत्र, आणि हा मुलूख तेव्हा निजामाचा. १९२९ साली हे खेडगीकर त्याच शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले. तेच पुढं स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व त्यांनी केलं. टिळकांची पुण्यतिथी या तालुक्यानं एकदा अशीही पाळली होती. तिची बातमी 'उत्साहात साजरी' अशी आली नसेल, पण तिचा निकाल १७ सप्टेंबर १९४८ ला लागला.

एवढं दरवर्षी कुणाला जमणार नाही, जमायची गरजही नाही. जयंती हलगीला द्यावी, मिरवणुकीला द्यावी, गुलालाला द्यावी. पुण्यतिथी पुस्तकाला द्यावी, इतकंच माझं म्हणणं. १८ जुलैला प्रतिमापूजन झालं की भाषण एक कमी करावं आणि सातवी-आठवीतल्या कुणीतरी 'फकिरा'चं एक पान मोठ्यानं वाचावं. अडखळत वाचलं तरी चालेल. दीड दिवसाच्या शाळेवाल्याला अडखळण्याचं कौतुकच असेल. १ ऑगस्टला टिळकांच्या अग्रलेखातला एखादा परिच्छेद वाचावा, शेंगांची गोष्ट एक वर्ष सुट्टीवर पाठवावी. पाहुण्यांचा सत्कार, नारळ, आदींसकट बातमी, सगळं आहे तसं राहू द्यावं. कुणाचं नाव कापायचं नाही.

सरांना आणि मामांना फक्त एक विनंती. तसबिरी कपाटावर असतात, त्या ऐनवेळीही हाताला लागतात. पुस्तकं कपाटात असतात आणि कपाटाला कुलूप असतं. तेव्हा पुढच्या वर्षी हाराची ऑर्डर देण्याआधी, निदान १७ जुलैला, किल्ली शोधून ठेवा.