बेटांची एक रात्र: मांडणी व मोडणी

पॉप-अप गॅलरी म्हणजे एका रात्रीपुरता भाड्याने घेतलेला रिकामा गाळा. भिंतींना पांढरा रंग आणि पाहुण्यांना कोमट वाइन दिली, की त्याला कलादालन म्हणता येते. कॅरिबियन बेटांच्या समकालीन कलेसाठी हा घाट घालायचा तर मायामी शहर आणि डिसेंबरचा आरंभ निवडावा. 2002 पासून त्या सुमारास तेथे ‘आर्ट बाझल मायामी बीच’ हा कलामेळा भरतो. त्या आठवड्यात गॅरेजसुद्धा मोकळे सापडत नाही.

प्रदर्शनाच्या नावात ‘लाट’, ‘क्षितिज’ किंवा ‘मीठ’ यांपैकी एक शब्द हवाच. निमंत्रणपत्रिकेवर माड नको, असे कलावंत बजावतात. माड छापावा, मात्र करड्या रंगात. म्हणजे माडावर टीका केल्यासारखे दिसते.

मग बेटे गोळा करावीत. क्यूबाची भाषा स्पॅनिश, हैतीची क्रेऑल, कुरासावची पापियामेंतु. जमैका आणि त्रिनिदाद दोन्हीकडे इंग्रजी चालते, पण त्यांच्यातले अंतर मुंबई-कोलकात्याहून अधिक. या सर्वांना ‘द्वीपीय संवेदना’ या एकाच शब्दप्रयोगाच्या दावणीला बांधावे. पुरावा मागणारा कोणी निघालाच, तर तेलाच्या पिंपाकडे बोट दाखवावे. हैतीतल्या क्रुआ-दे-बुके गावचे कारागीर पिंप कापून, सपाट करून, छिन्नी-हातोड्याने त्यातून आकृत्या काढतात. स्मशानातले क्रूस घडवणारे लोहार जॉर्ज लिओतो या कलेचे आद्य पुरुष. त्रिनिदादने त्याच पिंपाचा तळ ठोकून स्टीलपॅन हे वाद्य केले. भिंतीवर टांगलेले पिंप वाजवून पाहणाऱ्या पाहुण्यास नम्रपणे दूर न्यावे.

वाहतुकीबद्दल रडणाऱ्या आयोजकाने बहामाजचे तावारेस स्ट्रॅकन यांचे स्मरण करावे. त्यांनी उत्तर ध्रुवीय प्रदेशातून सुमारे साडेचार टनांची बर्फाची लादी कापून आणली आणि 2006 मध्ये ती नॅसोतल्या एका शाळेत, सौरऊर्जेवर चालणाऱ्या शीतपेटीत ठेवून दाखवली. त्यापुढे कस्टममध्ये अडकलेली चार कॅनव्हासची गुंडाळी म्हणजे किस झाड की पत्ती. बर्फाची ही गोष्ट रम पंचाच्या टेबलाजवळ सांगू नये. तेथे बर्फ हमखास संपलेला असतो.

पाहण्याची रीत वेगळी शिकवावी लागते. जमैकाच्या एबनी जी. पॅटरसन यांच्या कामासारखे काही भिंतीवर असेल, तर तेथे गर्दी ठरलेली: टिकल्या, मणी, लेस, कागदी फुले, सगळा लखलखाट. पाहुण्याने सेल्फी काढून लगेच पुढे सरकावे. थांबून पाहिले तर फुलांच्या आड पडलेले माणसाचे शरीर दिसते. पॅटरसन यांच्या 2015 च्या ‘डेड ट्रीझ’ या प्रदर्शनातील अशा कामांमागे खून झालेल्यांची समाजमाध्यमांवर फिरलेली छायाचित्रे आहेत. हे ध्यानात आल्यावर पंच घशाखाली उतरत नाही आणि टेबलावरचा खप बसतो. खरे तर थांबणारा एखादाच असतो, आणि सगळा मांडव त्याच्यासाठीच घातलेला असतो. पण अंदाजपत्रकात त्याला रकाना नाही.

किंमत कुजबुजत सांगावी. 2019 च्या मायामी मेळ्यात इटलीच्या मॉरित्झिओ कातेलान यांनी टेपने भिंतीला चिकटवलेले केळे 1,20,000 डॉलरला विकले गेले. सेंट लुशिया आणि डॉमिनिका या बेटांनी केळ्यांची निर्यात करत पिढ्या काढल्या. तिथल्या कोणी हेच केळे चिकटवले असते, तर त्याची नोंद हस्तकलेत झाली असती. म्हणून त्या रात्री फळे फक्त खाण्याच्या टेबलावर ठेवावीत आणि कलाकृतींपासून दोन हात लांब.

मोडणी पहाटेपूर्वी उरकावी. खिळे उपटून भोकांत पुट्टी भरावी, वरून रंगाचा एक हात मारावा. न विकलेली कामे ज्या खोक्यांतून आली त्यांतच घालावीत. ती कधीच पुन्हा नीट बसत नाहीत. किल्ली गाळेमालकाला द्यावी. फरशीच्या फटींत गेलेल्या टिकल्या झाडूने निघत नाहीत. त्यांचे पैसे अनामत रकमेतून कापले जातात.