साधीसुधी सुट्टी
सप्टेंबरचा पहिला सोमवार हा अमेरिकेचा कामगार दिन, १८९४ पासूनची राष्ट्रीय सुट्टी. न्यू जर्सीतल्या मराठी घरात त्या दिवशी सगळ्यात जास्त राबते ती आई. यंदा ‘अगदी साधं’ ठरलेलं असतं ना! जवळच्या स्टेट पार्कात एक तंबू, बस्स. त्या साधेपणापायी आदल्या रात्री बारापर्यंत दशम्या लाटल्या जातात, आणि झोपायच्या पिशव्यांच्या आधी गाडीत प्रेशर कुकर चढतो.

बाबा सध्या तब्येतीच्या मागे आहेत. दहा हजार पावलं झाल्याशिवाय आडवं व्हायचं नाही! हा आकडा काही धन्वंतरीने दिलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याबरोबर तो आला. पण बाबांना हे सांगणार कोण? रात्री नऊला पावलं कमी पडतात आणि तंबूला प्रदक्षिणा सुरू होतात. चिवड्याची वाटी उजव्या हातात, कारण पावलं मोजणारं घड्याळ बांधलेला डावा हात हलता हवा.

आईच्या भांडी घेऊन नळापर्यंत चार खेपा होतात. तिचं घड्याळ बंद पडलंय. चार्जर मुलाच्या फोनला आहे.