कबुली वाचली, वीजबिल कोण भरणार?

व्हँकुव्हरच्या नगर परिषदेनं २०१४ साली ठराव करून मान्य केलं की हे शहर मस्क्वीअम, स्क्वामिश आणि स्ले-वॉटूथ या तीन मूलनिवासी राष्ट्रांच्या जमिनीवर उभं आहे आणि ती जमीन त्यांनी कधीच कुणाला लिहून दिलेली नाही. सभेच्या सुरुवातीला अशी कबुली वाचण्याची रीत आता कॅनडातल्या बहुतेक मोठ्या शहरांत आहे. रीत चांगलीच आहे. पण कबुली वाचायला अर्धं मिनिट लागतं आणि खर्च काहीच येत नाही. कसोटी लागते ती अंदाजपत्रकात, आणि तिथे या शहरांचा हात आखडतो.

मूलनिवासींनी स्वतः चालवलेल्या संस्थांची मागणी साधी आहे. चालू खर्चाचं अनुदान द्या, आणि ते भरवशाचं द्या. भाडं, वीज, थंडीतलं हीटिंग, विमा, हिशेबनिसाचा पगार. शहरांना मात्र उपक्रम आवडतात. उपक्रमाला नाव असतं, उद्घाटन असतं, फोटो असतो. मग स्वयंपाकाच्या वर्गाला पैसे मिळतात, पण त्याच स्वयंपाकघराचं गळकं छप्पर दुरुस्त करायला मिळत नाहीत. अनुदानाचं वर्ष संपलं की तरुणांचा उपक्रम संपतो आणि ज्या बाईनं त्या मुलांचा विश्वास कमावलेला असतो तिचा करारही संपतो. पुढच्या वर्षी उपक्रम नवा, फॉर्म नवा आणि बाईही नवी. मुलांनी मात्र पुन्हा पहिल्यापासून विश्वास टाकायचा.

आपल्याकडच्या अनुदानित शाळेत नोकरी केलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. वेतनेतर अनुदान रखडलं की खडू आणि वीजबिल यांची काय गत होते, ते आपल्या मुख्याध्यापकांना विचारा.

गेल्या शतकाच्या मध्यापासून कॅनडाच्या शहरांत ‘फ्रेंडशिप सेंटर’ उभी राहिली. विनिपेगचं १९५९ साली सुरू झालं. आज देशभरात अशी शंभरावर केंद्रं आहेत. शिक्षणासाठी, कामासाठी, कधी रुग्णालयाच्या वाऱ्यांसाठी गाव सोडून आलेला माणूस आधी इथे येतो. त्याला गरम जेवण हवं असतं, खोली हवी असते, सरकारी कागद भरून देणारं कुणीतरी हवं असतं, आणि आपल्यातल्या एखाद्या ज्येष्ठाजवळ घटकाभर बसायचं असतं. अनेक मूलनिवासी समाजांत ज्येष्ठाकडे ज्ञान मागण्याआधी त्याच्यापुढे तंबाखू ठेवतात. त्याची पावती कुणाकडे मागायची? फॉर्ममध्ये त्याला रकाना नसतो. ज्येष्ठाचं मानधनही मग ‘इतर’मध्ये टाकावं लागतं. संस्थेचा जो प्राण आहे, तो कागदावर ‘इतर’ होतो. मला याचा संताप येतो.

पैसे मागितले की नगरपालिकांचं ठरलेलं उत्तर असतं की हा विषय केंद्र सरकारचा आहे. १८६७ च्या राज्यघटना कायद्याच्या कलम ९१(२४) नं मूलनिवासी आणि त्यांच्यासाठी राखीव जमिनी हा विषय केंद्राकडे दिला, हे खरंच आहे. पण लोक राखीव जमिनीवरच राहिलेत कुठे? २०२१ च्या जनगणनेत कॅनडात सुमारे १८ लाख मूलनिवासी मोजले गेले. त्यांतले ८ लाखांहून अधिक मोठ्या शहरांत राहतात. एकट्या विनिपेगमध्ये लाखावर. ओटावातलं केंद्र सरकार म्हणतं प्रांताला विचारा, प्रांत म्हणतो ओटावाला विचारा, आणि नगरपालिका दोघांकडे बोट दाखवते. तिकडे संस्थेचा घरमालक पहिल्या तारखेला भाडं मागतो.

नगरपालिकेला हात झटकता येत नाहीत, कारण तिचं मोठं उत्पन्न मालमत्ता कराचं, म्हणजे जमिनीचं आहे. टोरांटोचंच पाहा. सुमारे अडीच लाख एकर जमीन १८०५ च्या दस्तात मिसिसॉगा या मूलनिवासी लोकांकडून दहा शिलिंगांत घेतली गेली. त्याची भरपाई म्हणून २०१० मध्ये १४.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. ती रक्कम केंद्र सरकारनं दिली. शहर मात्र त्या जमिनीवरचा कर दरवर्षी घेतंच आहे. त्या करातला एक ठरलेला हिस्सा मूलनिवासी संस्थांना गेला तर त्याला उपकार म्हणू नये. ते देणं आहे.

व्हँकुव्हरमध्ये आणखी एक मेख आहे. नगर परिषदेचा साधा ठराव साध्या बहुमतानं होतो, पण संस्थेला अनुदान द्यायचं तर शहराच्या सनदेप्रमाणे अकरापैकी आठ मतं लागतात. नियम सगळ्याच संस्थांना सारखा लागू आहे, मान्य. पण ज्यांच्या जमिनीवर हे सभागृह आहे, त्यांच्या संस्थांनाही त्याच रांगेत उभं करायचं का?

‘मग हिशेबाचं काय?’ असं विचारणारे नेहमी भेटतात. हिशेब हवाच. पण तो ठेवणारा माणूस कुठल्या पैशातून येणार? हिशेब नीट नाही म्हणून अनुदान नाही, आणि अनुदान नाही म्हणून हिशेबनीस नाही. हे चक्र संस्थांनी सुरू केलेलं नाही, ते देणाऱ्यांनी तोडायचं आहे. पाच वर्षांचं अनुदान एकदम मंजूर करा, वाटप मूलनिवासींच्याच समितीकडे सोपवा, कामाचा अहवाल तोंडी दिला तरी ऐकून घ्या. कॅनडाच्या सत्य आणि समेट आयोगानं २०१५ मध्ये केलेल्या ९४ शिफारशींपैकी त्रेचाळिसावी नगरपालिकांनाही उद्देशून आहे. मूलनिवासींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा अमलात आणा, असं ती सांगते. त्या जाहीरनाम्याच्या चौथ्याच कलमात स्वशासनाच्या हक्काबरोबर ते चालवण्यासाठी लागणाऱ्या पैशाच्या साधनांचाही हक्क लिहिलेला आहे.

टोरांटो, मिसिसॉगा, ब्रॅम्प्टनमध्ये घरपट्टी भरणारी मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. हे सदर तिथे वाचलं जातं म्हणून त्यांना एक विनंती. शहराच्या अंदाजपत्रकावर नागरिकांना बोलता येतं. यंदा तुमच्या नगरसेवकाला गाठा आणि विचारा, मूलनिवासी संस्थांच्या चालू खर्चासाठी किती रक्कम ठेवली आहे आणि किती वर्षांसाठी? उत्तर आकड्यांत मागा, आणि लेखी घ्या.