घरघर की खरखर?

तीस वर्षं मी मुलांना अभ्यस्त शब्द शिकवले. पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक. त्यातल्या तिसऱ्या प्रकारावर माझं विशेष प्रेम. किरकिर, खळखळ, फडफड, गडगड. आवाजांची एवढी श्रीमंती मराठीतच, असं मी वर्गात छाती काढून सांगत असे. ती छाती आत गेली साताऱ्यातल्या एका गॅरेजात, माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यापुढे.

"सर, आवाज कसा येतोय?"

"येतोय रे कसलातरी. विचित्र."

"विचित्र म्हणजे? करकर, खरखर का घरघर?"

मी गप्प. समोर उभा होता तो 'अनुकरणवाचक शब्दांची पाच उदाहरणे लिहा' या प्रश्नाला तीन लिहून पुढे 'इत्यादी' लिहिणारा मुलगा. आता तो फडक्याला हात पुसत माझ्या उत्तराची वाट बघत होता.

"बघा सर, करकर असली तर गिअरचे दाते एकमेकांना घासतायत, म्हणजे क्लच पुरता सुटत नाही. घरघर असली तर बेअरिंग. आणि नुसती खरखर असली तर सायलेन्सरवरचा पत्रासुद्धा असेल, दोन बोल्टांत काम होतंय. शब्द चुकला तर बिल बदलतं."

माझ्या पाठ्यपुस्तकात हा नियम नव्हता.

प्रकरण सुरू झालं होतं महिनाभर आधी, रिव्हर्सपासून. आमच्या आळीतून गाडी मागेच घ्यावी लागते. सकाळी गिअर टाकला की असा 'कर्रर्र' आवाज व्हायचा की समोरच्या माडीवरची कबुतरं उडायची. पहिल्या दिवशी एकच खिडकी उघडली, आठवड्याने सगळ्या. गाडीचं दुखणं आणि मुलीचं लग्न या दोन विषयांत आपल्याकडे सल्ला मागावा लागत नाही. एकाने गिअर ऑइल संपलंय म्हणून सांगितलं, दुसऱ्याने गिअरबॉक्सच गेला म्हणून. तिसऱ्याने गाडी विकून टाकायला सांगितली आणि गिऱ्हाईक म्हणून मेव्हण्याचं नाव पुढे केलं.

शेजारचे एसटीतून निवृत्त झालेले चालक मात्र बोलत बसले नाहीत. "सर, केबल सैल पडलीय," म्हणत त्यांनी बॉनेट उघडलं, पाना घेतला आणि केबलचा नट दोन-चार आटे आवळला. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. कबुतरं जागेवर. मी कृतज्ञतेने त्यांच्या घरी अर्धा किलो कंदी पेढे पोचवले. पुढे जे झालं ते बघता पाव किलोही पुरले असते.

सप्टेंबरात डोंबिवलीचे साडू सहकुटुंब कासची फुलं बघायला आले. साताऱ्याहून कास पंचवीसेक किलोमीटर, पण सुरुवातीलाच यवतेश्वरचा घाट उभा राहतो. गाडीत पाच माणसं आणि साडूंच्या सौभाग्यवतींनी प्रवासात भूक लागेल म्हणून घेतलेला डबा, जो वजनाने सहावा माणूस होता. पहिल्या चढालाच इंजिन ओरडायला लागलं. मी ॲक्सिलरेटर दाबतोय, आवाज वाढतोय, गाडी मात्र वर चढायला तयार नाही. थेट आमच्या शिक्षण खात्यासारखं. परिपत्रकं दणादण, हालचाल शून्य.

मग वास आला. करपट, घशात बसणारा. मागच्या सीटवरून साडू म्हणाले, "वा! फुलांचा वास यायला लागला, जवळ आलं वाटतं." कासच्या फुलांना एवढ्या लांबून येईल असा वास नसतो, हे मला माहीत होतं. बायको हळूच म्हणाली, "अहो, काहीतरी लागलंय खाली." ती दूध करपण्याबद्दल बोलत असल्यासारखी बोलली आणि निदान तेच होतं. काहीतरी खाली लागत होतं, करपत होतं.

गाडी कडेला लावली. साडूंनी तिथे उभं राहून सांगितलं की त्यांच्या गाडीत ही कटकटच नाही, कारण त्यात क्लचच नाही. त्यांची गाडी एएमटी. हे मी नंतर विद्यार्थ्याला सांगितलं तेव्हा तो हसून म्हणाला, "क्लच आहे सर. फक्त पाय त्यांचा नाही, मशीनचा." २०१४ साली मारुतीने सेलेरिओत हा एएमटी आणला आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला, ज्या मारुती ८०० वर या पोराने गॅरेजात हात बसवला, ती बनायची थांबली. पण साडूंना क्लचचं हे फोन करून कळवायला बायकोने बंदी घातली.

तर गॅरेज. मी तोंडी परीक्षेत नापास झाल्यावर त्याने प्रात्यक्षिक घ्यायचं ठरवलं. इंजिन बंद करायला लावलं आणि सगळे गिअर टाकायला सांगितले. सगळे गुपचूप पडले. "म्हणजे गिअरबॉक्सला सध्या हात लावायचा नाही." मग इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला. "पाय सोडा. आता दाबा. पुन्हा सोडा." दाबल्यावर बारीक घरघर यायची, सोडल्यावर जायची. "रिलीज बेअरिंग. उलटं असतं, सोडल्यावर आवाज आणि दाबल्यावर गप्प, तर बॉक्स खोलावा लागला असता." मला एकदम बरं वाटलं. डॉक्टरांनी 'बायपास नाही, साधी गोळी' म्हटल्यावर वाटतं तसं. तेवढ्यात तो म्हणाला, "थांबा, अजून संपलं नाही."

त्याने हँडब्रेक कचकचून ओढला, चौथा गिअर टाकला, थोडी रेस दिली आणि क्लच हळूहळू सोडला. धडधाकट गाडी अशा वेळी गचका खाऊन जागच्या जागी बंद पडायला हवी. आमची पडली नाही. पाय पूर्ण वर आला तरी इंजिन आपलं 'घूं घूं' करत निवांत चालू. गॅरेजातलं पोरगं टाळी वाजवून म्हणालं, "स्लिप मारतोय!" बंद न पडण्याबद्दल नापास करणारी ही माझ्या पाहण्यातली एकमेव परीक्षा.

गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय प्लेट दिसत नाही. संध्याकाळी त्याने ती माझ्या हातात ठेवली. शेजारी नवी. नवी प्लेट म्हणजे ताटलीएवढी चकती, मध्ये दात्यांचं भोक, भोवती जाडजूड स्प्रिंगा आणि काठाने खरखरीत अस्तर, त्यात चरे पाडलेले. जुनीचे चरे नाहीसे झाले होते. पाटीसारखी गुळगुळीत, काळी. अस्तर इतकं झिजलं होतं की रिव्हेटची डोकी वर आली होती आणि त्यांनी प्रेशर प्लेटवर गोल गोल ओरखडे काढले होते. त्या ओरखड्यांच्या मधूनमधून जांभळट निळे डाग. "तापल्याचे," तो म्हणाला. यवतेश्वरचा घाट तिथे छापून आला होता.

"केबल कुणी आवळली?"

मी पेढ्यांसकट सगळं सांगितलं.

"हां. पेडल दाबलं की सुरुवातीचं थोडं रिकामं जायला पाहिजे. प्लेट झिजत जाईल तसं ते कमी होतं. तुमचं आधीच संपत आलेलं, त्यात त्यांनी आवळलं. म्हणजे बेअरिंग चोवीस तास दाबून धरलेलं. क्लच पूर्ण धरणार कसा?"

"पण मग पहिली ती करकर?"

"रिव्हर्स टाकताना किती वेळ थांबता?"

"थांबायचं कशाला?"

त्याने सुस्कारा सोडला. तो सुस्कारा माझा होता, नववी-ब मधला. पुढच्या गिअरांना पितळेची कडी असते, ती फिरणाऱ्या दोन चक्रांचा वेग आधी जुळवून देते आणि मग गिअर पडतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत रिव्हर्सला ही सोय नसते. क्लच दाबायचा, मनात तीनपर्यंत मोजायचं, आतलं फिरणं थांबलं की टाकायचा. "केबल सैल नव्हती सर. तुम्ही घाईत होता." म्हणजे कबुतरं उडवण्याइतकंच जे दुखणं होतं, त्यावर आम्ही सर्वानुमते इलाज करून दुसरं आणलं होतं.

"आणि सर, चालवताना डावा पाय कुठं असतो?"

"क्लचवर. तयारीत."

"उगाचच?"

"असू द्यावा म्हणून."

"छडीसारखा," तो म्हणाला. "मारायची नसायची, पण हातात असायचीच." पोरगं खो खो हसलं. मी त्याला मनातल्या मनात अंगठे धरायला लावले.

रात्री आठला गाडी मिळाली. नवा क्लच इतका तल्लख की गॅरेजाच्या दारात मी तीनदा गाडी बंद पाडली. त्याने बिल दिलं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. क्लच सेट, रिलीज बेअरिंग, गिअर ऑइल आणि शेवटी 'मजूरी'. दिवसभरात पहिल्यांदाच माझ्या पायाखाली जमीन लागली. खिशातलं लाल पेन काढलं, 'जू' खोडून 'जु' केला आणि कागद परत त्याच्यापुढे सरकवला.

त्याने वाचलं, मान डोलावली.

"बरोबर आहे सर. उकार ऱ्हस्व करा. आकडा दीर्घच राहू द्या."