गणित सोडलं की दार लागतं

बनारस हिंदू विद्यापीठाचं आवार तेराशे एकरांचं. वैद्यक संस्था आणि वाणिज्य विद्याशाखा एकाच आवारात आहेत, सायकलवर सहज जाता येईल इतक्या अंतरावर. पण एमबीबीएसचा विद्यार्थी ‘मला कॉमर्स करायचंय’ म्हणाला, तर त्याला मधे एक अख्खं वर्ष घालवावं लागतं. नाव काढून घ्या, सीयूईटीचा, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरा, परीक्षा द्या आणि बारावी होऊन आलेल्या मुलांशेजारी पहिल्या वर्षाला बसा. बदली ही गोष्टच नाही.

अमेरिकेत प्री-मेड ही पदवी नसते. मूळ पदवी कुठलीही घ्यायची, वैद्यकाला लागणारे विषय सोबत करायचे आणि मग मेडिकल स्कूल. दुसऱ्या वर्षी मन बदललं तर बहुतेक ठिकाणी कागद बदलतात, आयुष्य नाही. आपल्याकडे हा फैसला दहावीच्या निकालानंतर, पंधरा-सोळाव्या वर्षी होतो. बनारसच्या दुर्गाकुंडच्या कोचिंगच्या गल्लीत मूल ‘बायोवाला’ तरी असतं, नाहीतर ‘मॅथवाला’. लातूरला हीच गोष्ट ‘पीसीबी’ या तीन अक्षरांत उरकते. गणित सोडलं की अभ्यास हलका होतो, नीटला वेळ मिळतो, सगळे खूश. गणिताबरोबर आपण आणखी कुठली दारं लावून घेतोय, हे त्या दिवशी त्या मुलाला कुणी सांगत नाही. माझा राग आहे तो इथे.

२०२५ ची नीट बावीस लाखांहून जास्त मुलांनी दिली. पात्र ठरली बारा लाख छत्तीस हजार. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांपैकी नऊ मुलांनाही एमबीबीएस मिळत नाही. ती मुलं उद्या कुठे जाणार, याचा विचार आजच्या ‘ग्रुप’ निवडीत असायलाच हवा. दिल्ली विद्यापीठाच्या बीएमएस या व्यवस्थापनाच्या पदवीला सीयूईटीत गणित द्यावं लागतं. दोन ‘ड्रॉप’ घेऊन थकलेला बायोवाला तिथे पोचेपर्यंत ते दार बंद झालेलं असतं.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने २०२० साली शाखांमधल्या भिंती पाडायचं वचन दिलं, २०२१ मध्ये क्रेडिट बँक आली, आणि २०२५ च्या सीयूईटीत बारावीला नसलेल्या विषयाचाही पेपर देता येऊ लागला. चांगलंच झालं. पण परीक्षेला बसता येणं वेगळं आणि प्रवेशाची पात्रता वेगळी. ती ज्याचं त्याचं विद्यापीठ ठरवतं. महाराष्ट्रात बारावी सायन्सनंतर एफवायबीकॉमला जाणं आजही तुलनेने सोपं आहे. पण बीबीए, बीएमएससाठी २०२४ पासून आपल्याकडेही सीईटी आली, कारण हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या ताब्यात गेले. फेब्रुवारीत मन बदललेल्या मुलाला या सगळ्या तारखा कोण सांगणार?

जो एमबीबीएसला लागलाच, त्याची कोंडी आणखी वाईट. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी एका मेडिकल कॉलेजातून दुसऱ्यात जायची वाट बंद केली. बाहेर पडायचं तर अनेक राज्यांत ‘सीट लीव्हिंग बॉण्ड’, रक्कम लाखांत. त्यामागचा युक्तिवाद मला मान्य आहे: सरकारी जागा, लोकांचा पैसा, आणि मधेच सोडलेली जागा पुढची वर्षं रिकामी राहते. पण दंडाने होतं काय? ज्याच्या बापाकडे पैसे आहेत तो भरतो आणि सुटतो. शेतकऱ्याचा, विणकराचा मुलगा अडकून राहतो आणि मन नसताना साडेपाच वर्षं काढतो. असा डॉक्टर आपल्याला हवा आहे का? जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानेच, पदव्युत्तर विद्यार्थ्यांवरचा ताण बघून, हा बॉण्ड काढण्याचा विचार करा असं राज्यांना कळवलं होतं. एमबीबीएसच्या मुलांच्या बाबतीतही तोच न्याय लावा.

घरात मिळणारा सल्ला ठरलेला: ‘आधी एमबीबीएस पुरं कर, मग एमबीए कर.’ जागा वाया जाऊ नये म्हणून बॉण्ड, आणि ज्याला डॉक्टरकी करायचीच नाही त्याने जागा अडवून बसायचं!

आणि हे बनारसमध्ये. हे शहर व्यापारावर उभं आहे. चौकातल्या गद्द्यांवर बनारसी साडीचा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आलाय, २००९ साली त्या साडीला जीआय मिळालं. विद्यापीठात व्यवस्थापनाचं शिक्षण १९६८ पासून आहे. तरी मेडिकल सोडून कॉमर्सला जाणाऱ्या मुलाला घरचे ‘हरला’ म्हणतात.

जिच्या नावाने धाक घालतात त्या वैद्यक संस्थेचाच इतिहास त्यांनी वाचावा. ती उभी राहिली आयुर्वेद महाविद्यालयातून. १९६० साली त्याचं आधुनिक वैद्यक महाविद्यालय झालं, १९७१ मध्ये संस्था. तिला घडवणारे डॉ. के. एन. उडुपा याच विद्यापीठाचे आयुर्वेदाचे पदवीधर. पुढे मिशिगनला जाऊन ते शल्यचिकित्सक झाले, आणि परतल्यावर दोन्ही विद्यांना जवळ आणण्यासाठी झटले. त्यांचं आयुर्वेदाचं शिक्षण कुणी वाया गेलेलं धरलं नाही.

मागणी साधी आहे. पहिल्या वर्षाच्या अखेरीस, एकदाच, त्याच विद्यापीठात रिकाम्या असलेल्या जागेवर शाखा बदलण्याची मुभा द्या. गणित कच्चं असेल तर उन्हाळ्यात तीन महिन्यांचा पूरक वर्ग घ्या. बनारसने सुरुवात करावी, पुण्या-मुंबईने मागे राहू नये. तोवर, कॉलेज सोडणाऱ्या मुलांनो, टीसी आणि मायग्रेशनचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. मूळ मार्कशीट अडवून ठेवायचा हक्क कुठल्याही उच्च शिक्षण संस्थेला नाही, असं यूजीसीने २०१८ मध्येच बजावलंय. त्या अधिसूचनेची प्रत अर्जाला जोडा.