वानखेडेचं हृदयपरिवर्तन

डिसेंबर 2023 मध्ये मुंबई इंडियन्सने रोहित शर्माला बाजूला करून हार्दिक पंड्याला कर्णधार केलं आणि मुंबईकर चाहत्याला अन्यायाची चीड आली. लोकल अर्धा तास रखडली तरी हूं की चूं न करणारा हा माणूस महागडं तिकीट काढून वानखेडेवर गेला, तो खास स्वतःच्याच कर्णधाराची हुर्यो उडवायला. नाणेफेकीच्या वेळी समालोचक संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. त्या आयपीएलमध्ये संघ दहांत दहावा आला. (‘मी म्हटलंच होतं’ एवढा आनंद त्यातही मिळालाच.)

मग 29 जून 2024. बार्बाडोस, टी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना, शेवटच्या षटकात वाचवायच्या 16 धावा आणि चेंडू हार्दिकच्या हातात. भारत 7 धावांनी जिंकला. 4 जुलैला विजयोत्सवात त्याच वानखेडेवर ‘हार्दिक, हार्दिक’चा गजर! आता तर ‘आमचा पहिल्यापासून विश्वास होता’ म्हणणारे इतके भेटतात, की एप्रिलमध्ये ओरडत होते ते कोण, याचा तपास मुंबई पोलिसांनीच करावा.