टर्कीची सरबराई

इंग्लंडात नाताळच्या टर्कीची बडदास्त जावयाच्या वरताण असते. पाच किलोचा गोठलेला पक्षी फ्रिजमध्ये नुसता वितळायलाच दोन-अडीच दिवस घेतो. मग त्याला लोणी चोळा, वर बेकनच्या पट्ट्या पांघरा, ओव्हनमध्ये तासन्‌तास भाजा. तरी मांडी शिजेपर्यंत छातीचं लाकूड झालेलं असतंच. ते घशाखाली उतरावं म्हणून ग्रेव्ही, क्रॅनबेरीचा सॉस आणि दुपारी तीन वाजता राजाचं भाषण! १८४३ साली ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्ये डिकन्सने कंजूष स्क्रूजला सुधारलं आणि त्याच्याकरवी गरीब कारकुनाच्या घरी भलीथोरली टर्की धाडली. यात शिक्षा नेमकी कोणाला झाली, ते मात्र गुलदस्त्यातच ठेवलं. दुसऱ्या दिवशी उरलेल्या टर्कीची मसालेदार करी होते आणि ताटं पहिल्यांदाच चाटूनपुसून साफ होतात.